मुग्धाचा ढिला टाका

२२ मार्च, रविवार

पायलनं ही वही आणून दिली अन् म्हणाली, "आजी, दिवसभर माझं डोकं खातेस, थोडं याचं खा." आता वहीले डोकं असते का? पण ही पोट्टी बोलते अशी की राग येतच नाही, हसू येते. पायल म्हणजे माझी नात, रविंद्रची पोरगी. रविंद्र अन् सून नोकरीपायी काटोलले राहतात, पोरगी कॉलेजसाठी माझ्याजवळ, नागपुरात बेस्याले. लोक म्हणतात, नात आजीजवळ राहते. मी म्हणते, आजी नातीजवळ राहते. डोळ्यात थेंब ती टाकते, थेंबाचा गजर ती लावते, अन् माझ्यावर ओरडते पण तीच.

मी प्रेमिला. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही, परीक्षेच्या टायमाले गोवर निघाला. म्हणून अक्षर मोठं काढते अन् एक ओळ सोडून लिहिते. कोणी वाचणारच नाही तं लाज कशाची?

माझ्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. आधी डोळा आला, मंग त्यात जखम झाली, जखम भरली पण पांढरा डाग ठेवून गेली. उजेड कोणता अन् अंधार कोणता तेवढं कळे, माणूस कळत नव्हता. दिवाळीनंतर त्या डोळ्याचं बुबुळ बदललं. कोणीतरी जाता जाता देऊन गेलेलं बुबुळ. कोण, ते सांगत नाहीत. मी सकाळी बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावते तेव्हा एक त्या माणसाची लावते. नाव माहीत नाही म्हणून "ज्याची असन त्याची" म्हणते. ज्याची आहे त्याले पोचत असन.

आता टाक्याचं सांगते, खरं म्हणजे त्याच्यासाठीच वही उघडली. मी सारा जन्म तुरपाई केली. सदरले सूट शिवायचं मोठं दुकान होतं, तिथं. पँटची मोहरी, कोटाचं अस्तर. कापडाच्या उलट्या बाजूनं शिवायचं अन् सुलट्या बाजूले टाका दिसू द्यायचा नाही, ते काम. तं ज्या पोरीनं माझं बुबुळ शिवलं, त्या मुग्धा डॉक्टरनं मले कॉम्प्युटरवर माझाच डोळा दाखवला, परातीयेवढा मोठा. मधात गोल बुबुळ अन् चारी बाजूनं टाके, सायकलच्या चाकाले तारा असतात तसे. एक जवळ नाही, एक दूर नाही. मी म्हटलं, "गाठी कुठं गेल्या वं?" म्हणाली, "आत फिरवून लपवल्या, आजी. वर राहिल्या असत्या तर टोचल्या असत्या."

बापा! गाठ लपवणारी बाई भेटली मले. तेही जित्या डोळ्यात, जो हलते, पाणी सोडते. अन् वय काय तिचं? पायलहून सात-आठ वर्षांनी मोठी असन. बोटं कशी, मेथीच्या काडीसारखी.

२७ मार्च, शुक्रवार

आज दवाखाना, तो पण सदरलेच. हनुवटी मशीनवर ठेवायची, कपाळ पट्टीले टेकवायचं अन् पापणी लववायची नाही. मुग्धानं पाहिलं अन् "छान, आजी" म्हणाली. तिचं "छान" ऐकायले मी बेस्याहून सदरपर्यंत पायी पण जाईन.

मंग मोठे डॉक्टर आले. ते या दवाखान्याचे मुख्य, आवाज असा की बाहेरच्या बाकावरचे लोक सरळ बसतात. त्यांनी मशीनमधून पाहिलं अन् म्हणाले, "प्रेमिलाबाई, मुग्धानं एकटीच्या हातानं केलेलं हे पहिलं बुबुळ आहे. हे नीट राहिलं की पुढची हिच्याच हातात देणार आहे मी. सांभाळा." मुग्धाचे कान लाल झाले. मले तं असं झालं जशी माझीच पोरगी पास झाली.

मंग मुग्धा मले किती वेळ समजावून सांगत राहिली. टाक्याचं काहीतरी होतं, धाग्याचं काहीतरी होतं. मी तिची बोटं पाहून राहिली होती, ती बोलताना पण बोटं शिवल्यासारखी हलवते. शेवटचं तेवढं ऐकलं: "डोळा लाल झाला, उजेड सहन झाला नाही, धुरकट दिसलं किंवा टोचलं, यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी मला फोन. रविवार असो, सण असो."

मी म्हटलं, हाव.

बाहेर येताना पायल म्हणाली, "आजी, ऐकलंस का नीट?" मी म्हटलं, ऐकलं वं, तिच्या अंगठ्याले शिवणाऱ्या बाईचा घट्टा नाही, हे पण पाहिलं.

५ एप्रिल, रविवार

कूलर काढला. खसच्या ताट्यांतून निघालेली धूळ अशी की जुन्या उन्हाळ्याचा वास आला. पायलनं मले दुसऱ्या खोलीत कोंडून ठेवलं, म्हणे धूळ डोळ्यात जाईन. दार लावून! मी आतून ओरडून राहिली की मोटरीले तेल टाक, अन् ती बाहेरून, "आजी, तू डोळा सांभाळ, मोटर मी पाहते." शेवटी कूलर चालू झाला अन् तेल पण टाकलं होतं तिनं. कुठं शिकते कोण जाणे.

मंग गोळाभात केला. डाळीचे गोळे, वरून कढवलेलं तेल अन् लाल मिरची. पायल जेवायले बसली की बोलत नाही, तेच माझं सर्टिफिकेट.

संध्याकाळी उजव्या डोळ्यात काहीतरी टोचलं. गव्हाचं कुसळ जावं तसं. धूळ असन.

७ एप्रिल, मंगळवार

धूळ नाही.

पायल कॉलेजले गेल्यावर मी तिचा तोंड रंगवायचा आरसा घेतला, त्यात सारं मोठं दिसते. खिडकीजवळ जाऊन डाव्या डोळ्यानं उजवा डोळा पाहिला. खूप वेळ काही दिसलं नाही. मंग मान जराशी वाकडी केली तं बुबुळाच्या खालच्या काठाले काहीतरी चमकलं. उभं राहिलेलं. आपल्या कामाची वस्तू माणूस अंधारात पण ओळखते. टाका ढिला झालेला होता.

माझा हात आपोआप शिवणाच्या डब्याकडे गेला, छोट्या कात्रीकडे. इतक्या वर्षांची सवय, लोंबता धागा दिसला की कापायचा. मंग स्वतःच्याच हातावर चापट मारली. म्हटलं, बाई, कोट नाही तो, डोळा आहे.

आता फोन करावा लागते. त्याच दिवशी, म्हणाली होती मुग्धा. मी फोन हातात घेतला अन् खाली ठेवला.

काहून ते सांगते. आमच्या दुकानात गल्ल्याच्या बाजूले भिंतीत एक मोठा खिळा होता. गिऱ्हाइकाकडून नग वापस आला, टाका उसवला म्हणून, तं मास्टर तो नग खिळ्यावर टांगायचा अन् खाली भिंतीवर खडूनं त्या बाईचं नाव लिहायचा. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस वाचायचा. तुळसाबाईचा एक कोट असा टांगला होता. तुळसाबाई! तिची तुरपाई अशी की भिंग लावलं तरी टाका सापडला नसता. नवरदेव घोड्यावर चढताना अडकला अन् अस्तर निघालं, त्यात तिचा काय दोष? पण नाव लिहिलं ते लिहिलं. ती एक दिवस आली, खिळ्याकडे पाहिलं, आपला सुईचा डबा घेतला अन् घरी गेली. मंग कधीच आली नाही. येवढं चांगलं बोट चुलीत गेलं.

मी मुग्धाले खिळ्यावर नाही टांगणार. पहिलं काम आहे पोरीचं. मोठे डॉक्टर पाहून राहिले आहेत. एक टाका तं आहे, बाकीचे कसे घट्ट बसले आहेत. थोडं टोचते तं टोचू दे, बाळंतपण सोसलं, हे काय.

९ एप्रिल, गुरुवार

उन्हाळ्याचा एक फायदा. नागपुरात या दिवसांत सारेच गॉगल लावतात अन् तोंडाले दुपट्टा बांधतात, बाई कोणती अन् दरोडेखोर कोण कळत नाही. मी पण गॉगल लावला. घरात पण. पायलनं विचारलं तं म्हटलं, "मी हिरोईन दिसते का नाही ते सांग." म्हणाली, "व्हिलन."

थेंब टाकताना ती म्हणाली, "लाल आहे वं आजी." मी म्हटलं, कांदा चिरला. म्हणाली, "आज तं पालक होती." मी म्हटलं, उन्हानं झाला असन, बेचाळीसच्या वर गेलं आहे, डोळा काय फ्रीजमध्ये ठेवू? ती माझ्याकडे पाहत राहिली. फार हुशार पोट्टी आहे. कोणावर गेली कोण जाणे, रविंद्र तं असा नव्हता.

१० एप्रिल, शुक्रवार

आज तपासणी होती. सकाळीच दवाखान्यात फोन केला अन् विचारलं, मुग्धा डॉक्टर आहेत का? फोनवरची पोरगी म्हणाली, त्या वर्ध्याकडे शिबिराला गेल्या, बुधवारी येतील, आज मोठे डॉक्टर पाहतील.

मोठे डॉक्टर! त्यांनी मशीनमधून पाहिलं की खडू काढलाच समजा. मी म्हटलं, मले जुलाब लागले, पुढच्या हप्त्यात येते. पायलले सांगितलं, दवाखान्यानंच तारीख पुढं ढकलली. एका सकाळी दोनदा खोटं. पण चांगल्या कामासाठी आहे. मुग्धा आली की तिले एकटीले गाठीन, हळूच सांगीन, ती हळूच नीट करून टाकेन, कोणाले कळणार नाही. दुकानात आम्ही बायका एकमेकींसाठी असंच करत होतो.

टोचणं कमी झालं की सवय झाली, समजत नाही. सकाळी पापण्या चिकटतात.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती! संध्याकाळी पायलनं मले गच्चीवर नेलं. समोरच्या वस्तीत निळ्या दिव्यांच्या माळा, विहारावर रोषणाई, दूर कुठंतरी ढोल. अन् काय सांगू वहीबाई, उजव्या डोळ्यानं मले प्रत्येक दिव्याभोवती एक कडं दिसून राहिलं होतं! आत निळं, मंग हिरवं, कडेले लाल. एकेका दिव्याले एकेक मखर. डावा डोळा उघडला की साधा दिवा, डावा झाकला की मखर. मी कितीतरी वेळ एक डोळा झाकत अन् उघडत उभी राहिली.

मले वाटलं, ज्यानं बुबुळ दिलं त्याची नजरच अशी रंगीत असन. असतात काही माणसं, त्यांले साधा दिवा साधा दिसतच नाही. मी मनातल्या मनात त्याले जय भीम घातला. म्हटलं, भाऊ का बहीण, जो असशीन तो, काय सुंदर पाहत होतास रे.

पायलले सांगितलं तं ती माझ्याकडे वळली. मंग म्हणाली, "कधीपासून दिसून राहिलं?" मी म्हटलं, आजच, जयंतीचं. तिनं मोबाइल काढला अन् काहीतरी वाचत खाली गेली. मले वाटलं, मैत्रिणीचा मेसेज असन.

१७ एप्रिल, शुक्रवार

कालचं सारं आज लिहून राहिली, काल हातात पेन धरायची ताकद नव्हती.

काल सकाळी उठली तं उजव्या डोळ्यासमोर धुकं. दिवाळीच्या आधी होतं तसं. पुढची भिंत आहे का नाही कळेना. मी तोंडावर पाणी मारायले उठली, तेवढ्यात पायल फोन घेऊन आली. समोर मुग्धा, व्हिडिओवर. मंगळवारी गच्चीवरून खाली गेल्या गेल्या पायलनंच तिले कळवलं होतं. तो मेसेज मैत्रिणीचा नव्हता तं! शिबिराच्या गावात मुग्धाले फोनच लागत नव्हता, परत आल्यावर सकाळी वाचलं.

"आजी, गॉगल काढा."

"उजेड आहे वं पोरी."

"काढा."

मी काढला. तिनं तोंड स्क्रीनच्या जवळ आणलं. मंग म्हणाली, "पायल, आत्ताच्या आत्ता निघ." मले एक शब्द नाही.

पायलनं मले स्कुटीवर मागं बसवलं. तोंडाले दुपट्टा, वर गॉगल, अन् सकाळीच झळा लागून राहिल्या होत्या.  मी मागं बसून विचार करत राहिली की आता मुग्धाले कसं वाचवावं. सदर येईपर्यंत ठरवलं.

खोलीत मोठे डॉक्टर पण उभेच होते. मी हनुवटी मशीनवर ठेवायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टरसाहेब, याच्यात या पोरीचा काही दोष नाही. टाका पक्का होता. मीच डोळा चोळला. झोपेत नाही, जागेपणी. दोन्ही हातानं चोळला."

पायल म्हणाली, "आजी! कधी?"

मोठ्या डॉक्टरांचा आवाज चढला. "चोळला? अहो, बुबुळ सरकलं असेल तर परत ऑपरेशनला घ्यावं लागेल!"  पण आता बोलली तं बोलली.

मुग्धा मशीनमधून पाहत होती. म्हणाली, "सर, चोळल्याची खूण नाही. खालचा एक टाका ढिला आहे, बाकीचे जागच्या जागी. त्याच्याभोवती पांढरं जमलंय आणि बुबुळ सुजलंय." मंग डोकं वर केलं अन् माझ्याकडे पाहिलं. "आजी, खरं सांगा. खोट्यावर मी कोणतं औषध देऊ?"

मंग मी सारं सांगितलं. मास्टर सांगितला, खिळा सांगितला, खडू सांगितला, तुळसाबाईचा कोट सांगितला. म्हटलं, पहिलं काम होतं हिचं, म्हणून नाही बोलली.  बाहेरच्या बाकावरचे पण ऐकून राहिले असतील, मी जोरात बोलते.

मोठे डॉक्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज लहान झाला. "प्रेमिलाबाई, माझे टाकेही ढिले होतात. मला शिकवलं त्यांचेही व्हायचे. तुमचं बुबुळ कडेनं जुळून येतं, सूज उतरते, मग धाग्याला धरायला काही उरत नाही. त्याचं काम झालेलं असतं. तो आम्ही काढून टाकतो, पाच मिनिटांचं काम. पण कोणी सांगितलंच नाही आणि तो तसाच राहिला, तर त्यावर जंतू बसतात, आणि शरीर नव्या बुबुळाशी भांडायला लागतं. तुमच्या डोळ्यात आत्ता ते सुरू झालंय. दिव्याभोवती कडी दिसली ना? ती सूज आहे."

मी म्हटलं, "म्हणजे कच्चा टाका? पक्की शिवण झाली की ओढून काढतो तो?"

"तसंच समजा."

मी मुग्धाकडे पाहिलं. "हे आधी नाही का सांगायचं वं?"

"सांगितलं होतं, आजी. मार्चमध्ये. दोनदा."

सांगितलं असन. मी तिची बोटं पाहून राहिली होती.

मंग तिनं थेंब टाकून डोळा बधिर केला अन् टाका काढला. काढला कधी ते कळलंच नाही, येवढा हलका हात. मी हललीच नाही, येवढं तं करूच शकत होती तिच्यासाठी. तिनं पांढऱ्या कापडावर काहीतरी ठेवलं अन् माझ्या उजव्या डोळ्यासमोर धरलं. "दिसतोय का धागा?" मी म्हटलं, "हाव, छान आहे." तिनं कापड खाली ठेवलं. कापडावर काही होतं का नव्हतं, मले नुसता पांढरा धूर दिसून राहिला होता, अन् ते तिले समजलं.

"दिवसभर तासातासाला थेंब," ती पायलले म्हणाली. "वाचेल असं मी आज म्हणत नाही. जाईल असंही म्हणत नाही."

बाहेर निघाली तं मुग्धा पडवीच्या कोपऱ्यात भिंतीले पाठ टेकून उभी, डोळे मिटलेले, हाताची मूठ तोंडावर. बिचारीचे पाय दुखले असतील. डॉक्टर लोकांले सारं उभ्यानंच करावं लागते. आम्ही निदान बसून तं शिवलं. मी पायलले म्हटलं, तिले एक खुर्ची दे वं. पायलनं माझा हात धरला अन् मले सरळ गाडीकडे नेलं.

१९ एप्रिल, रविवार

गजर वाजते, पायल येते, थेंब टाकते, जाते. बोलत नाही. कॉलेजले पण गेली नाही. रविंद्र काटोलहून आला, माझ्यावर ओरडायची तयारी करून आला होता, पण पायलचं तोंड पाहून त्यानं नुसती संत्र्याची बर्फी टेबलावर ठेवली.

दुपारी मीच म्हटलं, "बोल ना वं काही. शिव्या दे."

तेव्हा बोलली. हातात बाटली होती, झाकण उघडं. "तुले मुग्धा डॉक्टरच्या टाक्याची इज्जत लय मोठी. अन् नोव्हेंबरपासून मी रोज थेंब टाकून राहिली, परीक्षेच्या दिवशी पण टाकले, त्याची काही इज्जत नाही? ते काय उसवलं तं चालते?"

मी तिच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यानं, कारण उजव्यातून ती नुसती सावली होती.  म्हटलं, गोळाभात करते.

"थेंबाच्या आधी उठायचं नाही," ती म्हणाली. पण खाली बसली, माझ्या पायाजवळ.

२१ एप्रिल, मंगळवार

धुकं तसंच. सकाळी एक मेणबत्ती नेहमीसारखी लावली अन् त्या माणसाले म्हटलं, माफ कर गा भाऊ, तुझी वस्तू मी नीट नाही सांभाळली. दुसऱ्याचा नग होता.

२५ एप्रिल, शनिवार

सकाळी चहा पिताना भिंतीवर कॅलेंडर आहे असं वाटलं. वाटलं म्हणजे दिसलं. तारखा नाही, पण चौकटी. मी पायलले हाक मारली नाही, आधी दोनदा डावा डोळा झाकून पाहिलं, उगाच पोरीले आशा नको. चौकटी होत्या.

मंग येवढ्या जोरात हाक मारली की शेजारची अबोली पण धावत आली.

दवाखान्यात मुग्धानं पाहिलं. बराच वेळ. मंग "छान, आजी" म्हणाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "सूज उतरतेय. वाचलं म्हणायला हरकत नाही." पायल म्हणाली, "पाणी पिऊन येते," अन् खूप वेळ आलीच नाही. येवढी तहान कशी लागते या पोरांले?

एक गोष्ट झाली. दिव्याभोवतीची कडी गेली. चांगलंच झालं, ती सूज होती, माहीत आहे. पण थोडं वाईट वाटलं. मी उगाच त्या माणसाच्या नजरेले रंग लावला. तरी त्याले सांगून ठेवलं, साधा दिवा पण मले आवडते.

१२ जून, शुक्रवार

मधात फार दिवस लिहिलं नाही, चांगलं चाललं की लिहायले काय असते? पायलचा निकाल चांगला लागला. मुग्धाले मोठ्या डॉक्टरांनी आणखी दोन बुबुळं दिली. हे तिनं नाही सांगितलं, फोनवरच्या पोरीनं सांगितलं.

आज सकाळी चूळ भरताना उजव्या डोळ्यात टोचलं. कुसळासारखं. मी तोंड पण पुसलं नाही, ओल्या हातानंच फोन लावला.

"मुग्धा, तुझा नग वापस आला वं."

 पलीकडून मुग्धा हसली. "या, आजी. लगेच या."

पायल स्कुटी काढत होती तेव्हा कळलं, मी गॉगल विसरली, तं तिनं स्वतःचा काढून मले लावला. म्हणाली, "आता हिरोईन."

बाकावर पाच-सहा लोक होते, कोणाच्या डोळ्यावर पट्टी, कोणाच्या गॉगल. मी आत जाता जाता साऱ्यांले सांगून टाकलं, "माझा टाका ढिला झाला, काढायले आली. तुमचा कोणाचा झाला असन तं बोलून टाका, इथं कोणी खिळ्यावर टांगत नाही." कोपऱ्यातला एक म्हातारा पंचा घेऊन डोळा टिपत होता, तो जराकसा पुढं सरकला.

या वेळी आत मोठे डॉक्टर नव्हते, ती अन् मी. थेंब, मशीन, पट्टीले कपाळ. टाका निघाला. डोळा स्वच्छ होता, लाल पण नीट झाला नव्हता, येवढ्या लवकर आली होती मी. मुग्धानं धागा पांढऱ्या कापडावर ठेवला. या वेळी विचारलं नाही, दिसतोय का म्हणून. नुसता बाजूले ठेवून ती हात धुवायले गेली.

मीच कापड ओढलं. डावा डोळा हातानं झाकला. आधी नुसतं कापड, त्याची वीण उभी-आडवी. मंग विणीच्या वर काहीतरी, विणीचं नसलेलं. काळं. केसाचा पण केस. वाकडं झालेलं, अन् एका टोकाले बारीक काहीतरी. मी कापड आणखी जवळ घेतलं. गाठ होती. जी तिनं माझ्या डोळ्यात लपवली होती, ती गाठ. मी त्या गाठीकडे नीट पाहिलं, जसं कोणत्याही बाईचं काम पाहावं तसं.

"मुग्धा," मी म्हटलं, "राग नको मानू, पण गाठ थोडी मोठी झाली वं तुझी."

ती नळावरून वळली. हात ओलेच. "काय म्हणालात?"

"गाठ. येवढ्या बारीक धाग्याले येवढी गाठ नको होती. दोन फेरे पुरले असते."

तिनं माझ्या झाकलेल्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, अन् दार उघडून पडवीत ओरडली, "सर! सर, आजींना गाठ दिसली!" मंग आत येऊन ओल्या हातानंच माझ्या गळ्यात पडली. पायल दारात उभी, ती पण रडून राहिली होती.

मले काही समजलं नाही. गाठ मोठी म्हटल्यावर येवढं खुश व्हायचं काय काम? आमच्या मास्टरले म्हटलं असतं तं कात्री फेकून मारली असती.